भरल्याला वाट

बाबांची तिसरी शिफ्ट असली की आमच्या घरात दिवसा मोठ्याने बोलायची सोय नसे. रोह्याच्या कंपनीत रात्रभर उभं राहून ते सकाळच्या गाडीने पेणला परत यायचे, चहात पाव बुडवून खायचे आणि मधल्या खोलीत डोक्यावरून चादर ओढून झोपायचे. त्यानंतर घरातली भांडीसुद्धा दबकत वाजत. आई शेजारच्या दोघी-तिघींना घेऊन पोह्याचे पापड करायची. त्याचं पीठ उखळात घालून मुसळाने कुटावं लागतं आणि तो धप्प धप्प आवाज दोन घरं पलीकडे जातो, म्हणून तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात कुटणं बाबा उठल्यावर. तोवर बायका आदल्या दिवशी कुटलेल्या पिठाच्या नुसत्या लाट्या करत बसायच्या आणि इतक्या हळू आवाजात गप्पा मारायच्या की बाहेरून येणाऱ्याला वाटावं, घरात कुणी आजारी आहे. मी परसात दोरीच्या उड्या मारायला लागले की आई खिडकीतून हात हलवायची. मी उड्या बंद करून जागच्या जागी पळायचे. तेही तिला आवडत नसे, पण त्याला आवाज नसल्यामुळे तिला बोलता येत नसे.

मी तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते. बसले होते म्हणजे घरच्यांच्या मते. माझ्या मते मी खेळशिक्षिका होणार होते. त्यासाठीचा कोर्स पुण्याला होता, राहायचं तिथेच होतं, आणि कॉलेजात असताना मी शंभर मीटरमध्ये तालुक्यातल्या सगळ्या मुलींच्या पुढे असायचे एवढं एकच भांडवल माझ्यापाशी होतं. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते सुकटीच्या कालवणात भाकरी मोडत होते. ते म्हणाले, "धावायला काय शिकवायचं गो? मागे कुत्रं लागलं की कुणीपण धावतंय." आई हसली. मला असा संताप आला की मी उरलेली अर्धी भाकरी ताटात टाकून उठले आणि मग रात्री भूक लागल्यावर तीच खाल्ली.

हा संताप माझ्यात अजून आहे. परवा आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ नातवाला महागडे बूट घेऊन देताना मला म्हणाले, "आता हा पळेल बघा." मी म्हटलं, आधी त्याला पळताना पायाकडे बघू नको म्हणून सांगा. ते हसले, त्यांना तो विनोद वाटला. पायाकडे बघू नको, ही एवढीशी गोष्ट मुलांच्या अंगात उतरायला एक हिवाळा जातो, हे मी खारेपाटातल्या, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या मुलांकडून शिकले.

त्या मुलांची शाळा पेणपासून खाडीकडे होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ती मुलं आता मोठी झालीत आणि माझ्यापेक्षा भांडखोर आहेत. तिथले गुरुजी बाबांच्या ओळखीचे. शाळेला दोनच शिक्षक, मुलं पहिली ते चौथीची. हिवाळ्यात पेण आणि रोहा दोन्हीकडच्या लहान शाळांच्या एकत्र स्पर्धा रोह्याला व्हायच्या आणि या शाळेतून तिथे कधी कुणी गेलं नव्हतं. गुरुजींनी बाबांना विचारलं, "तुमची शैला येईल का? मला पोटामुळे वाकता येत नाही, पळायचं काय घेऊन बसलात." बाबा हो म्हणाले. त्यांना वाटलं असणार, चिखलाचे चार दिवस काढले की पोरीचं खूळ जाईल. त्याच सुमारास रोह्याचं एक स्थळ आलं होतं. स्टेशनजवळच राहणारी मंडळी, मुलगा बँकेत. स्पर्धेनंतरच्या रविवारी ते बघायला यायचे होते. माणसं चांगली होती, त्यात वाद नाही. पण त्यांचा निरोप होता की लग्न वैशाखातच करायचं, आणि वैशाखानंतर पुण्याला जाणारी मुलगी मी तरी पाहिली नव्हती. मी हट्ट धरला तेव्हा बाबा म्हणाले, "रोह्याला स्पर्धेच्या दिवशी माझी पहिली शिफ्ट हाय. सुटल्यावर मैदानावर येतो. तू काय शिकवतेस ते बघतो. शिकवून काय फरक पडतो ते दिसू दे, मग ठरवू." हे वाक्य मी त्या महिन्यात रोज म्हणत होते.

एस.टी.तून उतरलं की शाळेपर्यंत बांधावरून चालत जायचं. एका बाजूला खाडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला भात कापून मोकळी झालेली शेतं आणि पुढे मिठागरं. बांध इतका अरुंद की दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. पहिल्याच दिवशी समोरून एक बाई डोक्यावर भाताचा भारा घेऊन आली. तिला जाऊ द्यावं की आपण जावं या विचारात मी उभी राहिले, तशी ती वरूनच ओरडली, "व्हय बाजूला गो, भरलंय नाय दिसत?" मी गडबडीने बाजूला झाले ती पोटरीपर्यंत चिखलात. शाळेच्या पायरीवर बसलेल्या सगळ्या मुलांनी ते पाहिलं. मी पोचेपर्यंत त्यांचं हसून झालं होतं आणि त्यांनी माझ्यासाठी पाण्याची बादली भरून ठेवली होती. तिथली रीत अशी, की भरल्याला वाट द्यायची. ओझं असलेलं माणूस थांबू शकत नाही, ते अर्धवट धावतच चालतं आणि छातीतून हुं हुं असा आवाज काढतं. तो आवाज समोरून येवो की मागून, रिकाम्याने खाली उतरायचं. ही रीत मला आठवडाभरात अंगवळणी पडली आणि मग मी तिचा विचारही केला नाही.

धावायला जागा म्हणून आम्ही शाळेमागचं कापलेलं शेत घेतलं. भाताची खुंटं पायाला टोचायची. मुलं अनवाणीच, त्यांना काही वाटत नसे. मी मात्र बूट घालून लंगडायचे. पहिल्या दिवशी मी त्यांना नुसतं पळा म्हटलं आणि बघत राहिले. असं धावणं मी कधी पाहिलं नव्हतं. सगळी मान खाली घालून, हात अंगापासून थोडे दूर धरून, एका पावलासमोर दुसरं पाऊल टाकत धावत होती. एवढं मोठं शेत मोकळं असून सगळी एका ओळीत. शेवटची रेष आली की तिच्यावर टाचा रोवून थांबत. माझ्या लक्षात आलं की ही मुलं शेतात नाही, बांधावरच धावत होती.

मग रोज तेवढंच. मान वर, समोर गुरुजींच्या टोपीकडे बघायचं. म्हणून गुरुजींना शेताच्या टोकाला खुर्ची टाकून बसवलं, ते तिथेच डुलक्या घ्यायचे. हात पुढे-मागे, कोपर वाकलेलं, मूठ सैल, जणू मुठीत चिमणीचं पिल्लू आहे. रेषेवर थांबायचं नाही, रेषेच्या पलीकडे गुरुजींना हात लावून यायचं. लांबउडीसाठी गिरणीतून भाताचं तूस आणून ढीग केला आणि दोन्ही पायांवर, गुडघे मऊ ठेवून कसं पडायचं ते शिकवलं. कपाळापर्यंत तूस चिकटलेली ती पोरं पायरीवर बसून एकमेकांच्या केसांतलं तूस वेचायची. गावातल्या बाया जाता-येता थांबून बघायच्या. एक म्हणाली, "बाय, आमची पोरं आधीपासून धावतात हो." तिला उत्तर द्यायचं मी टाळलं, कारण घरी एक उत्तर आधीच बाकी होतं.

त्यात तिसरीतली वनिता होती. बारीक, काळीसावळी, केसांना खोबरेल तेल चोपडलेलं, आणि बोलणं एकदम रोखठोक. धावताना तिचे पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं. मान वर करायला तिला फार दिवस लागले, पण एकदा ती वर आली आणि मग मी शिट्टी खाली ठेवून बघतच राहिले. ही मुलगी रोह्याला पहिली येणार, याबद्दल मला शंका उरली नाही. आणि ती पहिली आली की माझं काम झालं. हे दोन विचार माझ्या डोक्यात इतके घट्ट चिकटले होते की ते वेगळे आहेत हे मला दिसत नव्हतं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी वनिताच्या घरच्यांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे, मडकं उलटं करून भोवती पेंढा पेटवलेला. गरम शेंगा फुंकून खाताना वनिताची आई मला म्हणाली, "रोयाला मी पन येनार. पोर एकटी गाडीत बसनार नाय." खरं म्हणजे तिलाच गाडीत बसायचं होतं. पेणहून सुटलेल्या गाडीच्या खिडकीशी ती बसली ती नागोठणं मागे पडलं तरी कुणालाही खिडकी देईना.

रोह्याचं मैदान कुंडलिका नदीच्या बाजूला होतं. इतक्या शाळांची मुलं, इतके गणवेश, कर्ण्यावरून सारख्या सूचना. आमची मुलं एकमेकांचे हात धरून उभी होती. सकाळी प्राथमिक फेरी. लहानांसाठी पट्टे आखलेले नव्हते, नुसती सुरुवातीची रेष आणि शेवटची रेष. शिट्टी झाली आणि वनिता सुटली. मान वर, हात छान चाललेले, आणि पाच-सहा पावलांतच सगळ्यांच्या पुढे. मी ओरडत होते की रडत होते ते माहीत नाही. तिच्या मागे रोह्याच्या एका शाळेतली उंच मुलगी होती, तोंड उघडं टाकून जोरजोरात धापा टाकणारी. ती अगदी मागे येऊन ठेपली. आणि वनिताने वळूनही न बघता एक पाऊल बाजूला टाकलं. ती मुलगी सरळ निघून गेली. मग वनिता पुन्हा पहिल्यासारखी धावली, रेषेच्या पलीकडेपर्यंत, आणि हसत माझ्याकडे आली. दुसरी.

"अगं, का सरकलीस?" मी तिचे दोन्ही दंड धरून विचारलं.

"मागशी कोनतरी धापत आलं ना बाय. मना वाटला भरलेली हाय."

गुरुजी म्हणाले, "शैला, तिला दम भर. दुपारी अंतिम फेरी आहे. कुणाला वाट द्यायची नाही, बस्स. लहान आहे, ऐकेल." ते खरं होतं. ती माझं सगळं ऐकायची. मी तिला बाजूला घेतलं आणि तोंड उघडणार एवढ्यात तिची आई मध्ये आली. "बाय, असला कायतरी तिला शिकवू नका. वाट सोडू नको म्हनलात आन उद्या बांधावर तशीच उभी ऱ्हायली तर? माजे नणंदेची कंबर तशीच मोडली. डोकीवर मिठाची भरली पाटी, पुढचा हटला नाय, ही खाली. आजून वाकून चालते ती." तिचा आवाज चढला नव्हता. ती मला समजावत होती, लहान मुलाला समजावतात तशी. मी म्हटलं, "पण इथे कुठे बांध आहे?" ती म्हणाली, "तिला कसा कळावा? तुमी मोठ्या, तुमाला कळतो."

मी एका झाडाखाली जाऊन बसले. मला रविवार दिसत होता, पोह्यांच्या बशा दिसत होत्या, माझ्या हातात ट्रे दिसत होता. एक वाक्य बोलले की काम होणार होतं. आणि ते वाक्य ती मुलगी घरी घेऊन जाणार होती. मला तिच्या आईचा राग आला, मग त्या वाकून चालणाऱ्या न पाहिलेल्या बाईचा आला, आणि मग रागावण्यासारखं कुणीच उरलं नाही तेव्हा रडू आलं. समोर मोठ्या मुलांच्या धावेसाठी मैदानाच्या दुसऱ्या अंगाला पट्टे आखत होते. दोरी ताणून, डब्याला भोकं पाडून, त्यातून चुन्याची फक्की सोडत एक माणूस चालत होता. मी त्या पांढऱ्या रेषांकडे बघत बसले. मग उठले.

गळ्यात शिट्टी अडकवलेले तिथले एक सर म्हणाले, "लहानांना पट्टे नसतात हो बाई. आणि वेळ कुठे आहे?" मी म्हटलं, "तुम्ही जेवून या, मी आखते." ते माझ्याकडे बघत जेवायला गेले. उरलेली फक्की, डबा आणि दोरी मी मागून आणली. गुरुजींना वाकता येत नव्हतं, मुलांना दोरी ताठ धरता येत नव्हती. माझी पहिली रेष सापासारखी गेली. दुसरी त्याहून वाकडी. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय करतेस? असं आखतात होय?" कंपनीचे निळे कपडे, हातात जेवणाचा डबा, बाबा उभे. मी काही सांगायच्या आत त्यांनी जेवणाचा डबा गुरुजींकडे दिला आणि फक्कीचा डबा माझ्या हातातून ओढून घेतला. वाकडं काही दिसलं की त्यांना ते सरळ केल्याशिवाय राहवत नसे. घरातल्या कॅलेंडरपासून शेजाऱ्यांच्या दारातल्या सायकलीपर्यंत. मी दोरी धरली आणि ते वाकून चालत राहिले. कशासाठी आखतोय हे त्यांनी विचारलं ते शेवटची रेष संपल्यावर. मी सकाळची गोष्ट सांगितली. ते "हं" म्हणाले आणि जाऊन गुरुजींशेजारी उभे राहिले.

मी वनिताला पट्ट्यात उभं केलं. "हे बघ, या दोन रेषांमधला हा तुझा बांध. तुझा एकटीचा. तो शेजारचा त्या मुलीचा. मागून कुणी आलं तर ते आपल्या बांधावरून जाईल."

"ती भरलेली आसली तर?"

"तरी तिला तिचा बांध आहे. तू खाली उतरायचं कारण नाही."

तिने इकडून तिकडे सगळे पट्टे पाहिले. "यवड्या जवळ-जवळ बांध कोन घालतो बाय? मंग भात कुठं लावायचा?" तिची आई खुदकन हसली आणि पदराने तोंड झाकून म्हणाली, "असू दे गो. रोयाचे लोक हायत."

शिट्टी झाली. वनिता पुन्हा पुढे. ती उंच मुलगी पुन्हा मागून तशीच धापा टाकत आली. तो आवाज वनिताच्या कानावर पडला ते मला लांबून दिसलं, कारण तिची मान किंचित हलली. पाऊल हललं नाही. दोघी शेजारी-शेजारी आल्या, कितीतरी वेळ शेजारी होत्या, आणि शेवटी त्या मुलीचे लांब पाय वरचढ ठरले. ती एक हात पुढे होती. वनिता रेषेच्या खूप पलीकडे जाऊन थांबली, परत फिरली आणि गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकणाऱ्या त्या विजयी मुलीपाशी जाऊन काळजीने विचारलं, "कवढी घाई गो तुला? कुठं जायचाय?"

बाबा हसले. मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवून ते हसत होते. वनिताला कळेना आपण काय चुकीचं विचारलं.

हसून झाल्यावर ते माझ्याकडे आले. "दुसरी आली."

"हो."

"सकाळी पण दुसरीच होती ना?"

"हो."

"मग फरक काय पडला?"

त्या महिन्यात या प्रश्नाची मी इतकी उत्तरं तयार केली होती, त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, "सकाळी तिने नंबर देऊन टाकला, बाबा. आता तो त्या मुलीला तिच्याकडून पळून मिळवावा लागला."

ते मैदानाकडे बघत राहिले. मुलं त्यांच्या रेषा तुडवत घराकडे निघाली होती. वनिताच्या आईने तिला पदराखाली घेऊन तिचं तोंड पुसलं आणि पिशवीतली भाकरी हातावर दिली. मला वाटलं, आता बाबा घड्याळ बघतील आणि गाडीची वेळ झाली म्हणतील. त्यांनी गुरुजींकडून डबा घेतला, तो माझ्या हातात दिला.

"पोरांना घेऊन तू गाडीला जा," ते म्हणाले. "मी मागच्या गाडीने येतो."

"तुम्ही कुठे चाललात?"

"इथंच, स्टेशनच्या मागे. त्यांना सांगून येतो, रविवारी येऊ नका. पोरीला पुण्याला जायचंय. दोन वर्षं थांबत असतील तर बघू."

ते वळून चालायला लागले तेव्हा मी पाहिलं, त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे होते आणि निळ्या पँटवर फक्कीचे पंजे उमटले होते. मी ओरडले, "बाबा, निदान हात तरी धुऊन जा!" त्यांना ऐकू आलं असणार. ते तसेच गेले.